थरांच्या पोलादाची सुरी : वागळे इस्टेटमधील एका भट्टीचा आणि तिथल्या पात्याचा वर्षभराचा अनुभव

नौपाड्यात गेली अकरा वर्षे मी घरगुती डब्यांचा व्यवसाय करते. रोज साठ-पासष्ट डबे निघतात आणि त्यासाठी पहाटे पाच ते साडेसात या वेळात दोन मोठ्या पराती भरतील एवढी भाजी चिरून व्हावी लागते, त्यामुळे सुरीकडे शोभेची वस्तू म्हणून पाहणे मला कधी जमलेच नाही. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर वागळे इस्टेटमधील एका लहानशा गाळ्यात भट्टी चालवणाऱ्या कारागिराकडे मी थर सांधून घडवलेल्या पोलादाची सुरी करायला दिली. ती फेब्रुवारीत हाती आली, मार्चमध्ये तिच्यात दोष निघाला, एप्रिलअखेर बदलून मिळाली आणि बदलून मिळालेल्या सुरीने ठाण्याचा अख्खा पावसाळा माझ्या ओट्यावर काढला. एवढा वापर झाल्यावर तिच्याविषयी लिहायला हरकत नाही असे वाटते. त्या गाळ्यात महिन्याला चार-पाचच सुऱ्या होतात आणि हातातल्या मागण्या पुऱ्या होईपर्यंत नाव-पत्ता कुठे देऊ नका, अशी कारागिराची विनंती असल्यामुळे तो येथे देत नाही.

आधी एक फसवणूक सांगते, कारण तिच्यामुळेच मी त्या गाळ्यापर्यंत पोहोचले. दोन वर्षांपूर्वी मी ‘दमास्कस’ या नावाने विकली जाणारी एक सुरी ऑनलाइन मागवली होती. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी सुरेख नक्षी होती, पण चार महिन्यांत ती घासणीने फिकट झाली आणि धार लावताना पात्याची बाजू जिथे जिथे दगडाला लागली तिथून ती साफ पुसली गेली. ती पोलादाच्या आत नव्हतीच, नुसती वरून उमटवलेली होती. खऱ्या थरांच्या पात्याची नक्षी घासून गेली तरी पाते फेरिक क्लोराईडच्या, पोलाद किंचित खाणाऱ्या, द्रावणात पुन्हा बुडवले की ती परत उठते, कारण थर पृष्ठभागापुरते नसून आतपर्यंत गेलेले असतात. पात्याच्या पाठीवर, म्हणजे बोथट कडेवर, नजर टाकली तरी ओळख पटते : खऱ्या पात्यात थरांच्या रेघा तिथेही लांबवर धावताना दिसतात, खोट्या पात्याची पाठ कोरी असते.

नावाचा घोळही त्या गाळ्यातच सुटला. ज्या पोलादाच्या तलवारींमुळे सीरियातील दमास्कस शहराचे नाव जगभर झाले, ते पोलाद दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत मातीच्या बंद मुशीत वितळवून केले जात असे. कन्नडमधील ‘उक्कू’ या शब्दावरून इंग्रजांनी त्याला ‘वूट्झ’ म्हटले. त्याच्यात कार्बन सुमारे दीड टक्का असे आणि मूस सावकाश निवल्यावर आणि मग पाते घडवताना कार्बाइडचे, म्हणजे लोखंड-कार्बनच्या कठीण संयुगाचे, जे पट्टे बनत, त्यांचीच नक्षी पात्यावर दिसे. त्यात थर नव्हते आणि सांधाही नव्हता. आज ‘दमास्कस’ म्हणून जे विकले जाते ते दोन वेगळी पोलादे तापवून, ठोकून, एकजीव करून केलेले असते. हे कामही जुनेच आहे, पण ते वेगळे आहे, आणि कारागीर प्रत्येक गिऱ्हाइकाला हा फरक आधी समजावून सांगतो. ‘पूर्वजांची हरवलेली विद्या’ असे सांगून किंमत चढवणे त्याला सहज शक्य होते. तो तसे करत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

माझे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात उष्णोपचार विभागात, म्हणजे पोलाद तापवून-निववून कठीण करण्याच्या कामात, तीस वर्षे होते, त्यामुळे पोलाद, भट्टी, तेलाची टाकी हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. म्हणून काम सुरू करण्याच्या दिवशी तिथे बसू द्याल का, असे मी कारागिराला विचारले. ‘बसा ना ताई, फक्त सुती कपडे घालून या आणि चष्मा लावा,’ एवढेच त्यांचे म्हणणे होते.

त्या दिवशी पाहिलेले काम हेच या सुरीचे खरे मूल्य आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहिते. जाड पट्ट्या १०९५ या पोलादाच्या होत्या, ज्यात सुमारे ०.९५ टक्का कार्बन असतो. पातळ पट्ट्या १५एन२० या पोलादाच्या होत्या. हे लाकूड कापण्याच्या पट्टा-करवतीचे पोलाद असून त्यात सुमारे २ टक्के निकेल असते. अशा नऊ पट्ट्या ग्राइंडरने चकचकीत करून, एकाआड एक रचून, कडांना टाके मारून त्यांची थप्पी केली होती आणि धरायला एक सळई जोडली होती. गॅसच्या भट्टीत थप्पी लाल झाल्यावर तिच्यावर टाकणखार (बोरॅक्स) भुरभुरला. तापलेल्या लोखंडावर हवेने क्षणात लोहकीट चढते आणि दोन पट्ट्यांमध्ये ते कीट राहिले, तर वर कितीही घण घातले तरी पोलाद पोलादाला भेटत नाही. टाकणखार सुमारे ७४० अंशांना वितळून ते कीट आपल्यात विरघळवून घेतो आणि वर काचेसारखी ओली चकाकी धरून हवा लागू देत नाही. भट्टीच्या तोंडाशी मुद्दाम आळशी, पिवळी ज्योत ठेवलेली होती, म्हणजे आत जादा प्राणवायू उरत नाही. अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, म्हणून गाळ्याचे शटर पूर्ण उघडे होते आणि मागचा पंखा सारखा चालू होता.

थप्पीचा रंग उजळ पिवळा झाला, तिच्यावरचा टाकणखार खदखदू लागला, तसे कारागिराने तिला बाहेर काढून ऐरणीवर ठेवले आणि पहिले घाव अगदी हलके घातले. मला जोरदार ठोकण्याची अपेक्षा होती. ते म्हणाले की पहिल्या घावांनी फक्त थर एकमेकांना चिकटवायचे असतात, जोर लावला तर थर एकमेकांवरून सरकतात. त्या हलक्या घावांबरोबर कडांतून वितळलेला टाकणखार सगळे कीट घेऊन पिचकारीसारखा उडाला आणि दोन पावलांवर ठेवलेल्या पत्र्यावर त्याचे काळे, काचेचे थेंब पडले. इथे कुठलेच पोलाद वितळलेले नसते. स्वच्छ धातू पुरेशा तापमानाला आणि दाबाखाली एकमेकांना भिडला की दोन्हींकडचे अणू हद्द ओलांडतात आणि सांधा मिटतो. मात्र मर्यादा दोन्ही बाजूंनी अरुंद आहे. ताप कमी पडला तर सांधा धरत नाही आणि जास्त झाला तर पोलाद फुलबाजीसारख्या ठिणग्या टाकत जळू लागते व मग ते काहीच कामाचे राहत नाही. हा अंदाज कारागीर रंगावरून आणि भट्टीत लावलेल्या तापमापकावरून, असा दोन्ही वाटांनी घेतो.

सांधलेली थप्पी दाबयंत्राखाली लांब करून, घासून, तिचे तीन तुकडे एकावर एक ठेवले, म्हणजे नऊचे सत्तावीस थर झाले; पुढे दोनदा दुमडून ५४ आणि मग १०८. प्रत्येक वेळी घासणे, टाकणखार, ताप, हलके घाव हे सगळे पहिल्यापासून. शेवटी त्या पट्टीचे दोन भाग करून त्यांच्या मध्ये १०९५ची एकसंध पट्टी घातली आणि तिघांना पुन्हा सांधले. माझ्या सुरीची धार पूर्णपणे त्या मधल्या पट्टीची आहे, थर फक्त दोन बाजूंना आहेत. जपानमध्ये ही रचना रूढ आहे, पण मला आठवले ते आपल्याकडचे लोहार कुऱ्हाडीच्या तोंडाला पोलाद बसवत ते. महागाचा धातू धारेपुरता आणि बाकीचा त्याला धरून ठेवायला, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे.

थरांच्या पात्याविषयी एक समज सर्रास ऐकू येतो की कठीण आणि मऊ थर एकाआड एक आल्यामुळे धारेला सूक्ष्म करवत मिळते. हे बरोबर नाही. सांधण्याच्या तापमानाला कार्बन इतक्या झपाट्याने एका थरातून दुसऱ्यात पसरतो की काही तापांतच सगळ्या थरांतले त्याचे प्रमाण जवळपास सारखे होते. निकेल मात्र जागचे हलत नाही. म्हणूनच द्रावणात बुडवल्यावर निकेलचे थर उजळ राहतात, बाकीचे काळवंडतात आणि नक्षी दिसते. थोडक्यात, नक्षी निकेलची असते आणि धार कार्बनची. हे कारागिराने स्वतःहून सांगितले आणि वर ‘नक्षी नको असेल तर पैसे वाचतील’ हेही सांगितले.

धार टिकण्याचे श्रेय पाणी देण्याच्या, म्हणजे तापलेले पाते झटकन थंड करून कठीण करण्याच्या, कामाला आहे. आपण ‘पाणी देणे’ म्हणतो, पण अशा पोलादाच्या पातळ पात्याला पाण्यात बुडवले तर तडा जाण्याचा धोका असतो, म्हणून इथे ते कोमट केलेल्या, झटकन उष्णता ओढणाऱ्या तेलात दिले जाते. त्याआधी पाते तीनदा तापवून हवेत निवू दिले होते, कारण सांधताना लागलेल्या प्रचंड तापाने पोलादाचा दाणा (आतले सूक्ष्म स्फटिक) मोठा होतो आणि तो या निवण्याने पुन्हा बारीक होतो. मग सुमारे ८०० अंश, मग तेल, आणि लगेच २०० अंशांच्या भट्टीत दोन-दोन तासांचे दोन फेरे. या शेवटच्या फेऱ्यांशिवाय पाते काचेसारखे ठिसूळ राहते.

त्याच पट्टीतून कापलेली बोटभर रुंदीची एक फीत सुरीबरोबरच तेलात बुडवलेली होती. ती फेऱ्यांसाठी भट्टीत न टाकता कारागिराने शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळली आणि हातोडीचा एक ठोका मारून मोडली. वडील नेहमी म्हणत, ‘आधी दाणा बघ, मग पोलादाला नाव ठेव.’ मी ते तुकडे खिडकीपाशी नेऊन भिंगातून पाहिले. मोडलेली बाजू मंद राखाडी, मखमलीसारखी होती, बारीक रव्याहूनही बारीक, आणि १०८ थरांतून कुठेही काळी फट नव्हती. शेजारी कारागिराने मुद्दाम जपून ठेवलेला, जादा तापलेला एक जुना तुकडा होता. त्याचा दाणा खडीसाखरेसारखा चमचमत होता. चांगल्या तुकड्यातला एक अर्धा मी मागून घेतला आणि तो आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणात वडिलांच्या घड्याळाशेजारी ठेवला आहे.

आता सुरीविषयी. पात्याची लांबी १७८ मिलिमीटर, वजन १८२ ग्रॅम, पाठीची जाडी मुठीपाशी अडीच मिलिमीटर आणि टोकाशी जेमतेम एक. मूठ शिसवी लाकडाची, पितळी खिळ्यांची. कारागिराच्या सांगण्याप्रमाणे धारेची कठिणता रॉकवेल मापावर ६० ते ६१ आहे. मी आधी वापरत असे त्या प्रकारच्या स्टेनलेस सुऱ्या साधारण ५४ ते ५६ असतात. आकडे बाजूला ठेवले तरी फरक हाताला कळतो. जुनी सुरी मला दर तिसऱ्या दिवशी दगडावर घ्यावी लागे. ही पाच आठवडे रोजच्या वापरानंतरही टोमॅटोच्या सालीवर न दाबता उतरते, आणि मग हजार नंबरच्या दगडावर दहा मिनिटे पुरतात. कोबी इतका बारीक होतो की पचडीला विळीची आठवण येत नाही. कोथिंबीर चिरल्यावर ओट्यावर हिरवे पाणी सुटत नाही, ती दुपारपर्यंत ताजी राहते, आणि हे मला सर्वांत जास्त आवडले. बटाट्याच्या फोडी मात्र पात्याला चिकटतात. नक्षीमुळे चिकटत नाहीत असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

जिथे ही सुरी वापरू नये त्या जागाही तितक्याच स्पष्ट आहेत. नारळ, लाल भोपळ्याचे कडक साल, कच्चा फणस, सुरमईचे डोके, यांपैकी कशालाही ती लावत नाही, कारण इतकी कठीण आणि पातळ धार पिळवटली गेली की तिचा कपचा उडतो. सुरणाच्या मोठ्या गड्ड्यातही ती अर्ध्यावर अडकते. या कामांना विळी आणि कोयताच हवा.

दोष असा निघाला. पहिली सुरी येऊन तीन आठवडे झाले असतील, धुऊन पुसून ठेवलेल्या पात्यावर, मुठीपासून बोटभर अंतरावर, एक तांबूस रेघ दिसली. पुसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी. नख फिरवले तर किंचित अडकले. तो न धरलेला सांधा होता, सुमारे आठ मिलिमीटर लांब. त्याच्या फटीत पाणी शिरत होते आणि गंज बनून बाहेर येत होते. सुरी घेऊन गेले तेव्हा कारागिराने भिंगातून पाहिले, वाद घातला नाही, ‘वापरून बिघडली’ असेही म्हटले नाही. पाते शेगड्यात धरून त्या जागी मोडले आणि मला आत दाखवले : राखाडी भागात मसुराएवढा काळा डाग, टाकणखार आणि कीट अडकून राहिलेला. थप्पीच्या कोपऱ्यातून ते बाहेर पडलेच नव्हते. नवी सुरी पाच आठवड्यांत, एक रुपयाही न घेता मिळाली.

वागणूक उत्तम होती, पण तक्रार माझी कायम आहे. अशी फट भिंगाखाली द्रावणातून काढल्याबरोबर दिसू शकते आणि ती गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात सापडता कामा नये. हे मी त्यांना तोंडावर सांगितले. आता प्रत्येक पाते द्रावणातून काढून धुतल्यावर दोन दिवस तेल न लावता ठेवतात, म्हणजे फट असेल तर गंज तिथे आधी दिसतो. दुसरी उणीव लहान, पण हाताला जाणवणारी होती : पात्याच्या पाठीच्या कडा धारदार राहिल्या होत्या आणि तर्जनीला पहिल्याच आठवड्यात फोड आला. पुढच्या फेरीत त्या त्यांनी कानस आणि पॉलिश पेपरने गोल करून दिल्या. रोज दोन-दोन तास सुरी धरणाऱ्या बाईसाठी हे आधीच व्हायला हवे होते.

हे पोलाद गंजणारे आहे, हे घेण्याआधी नीट समजून घ्यावे. सुरुवातीचा आठवडाभर कांद्याच्या कापांना राखाडी छटा येत होती आणि कैरी चिरली की पात्यावर निळसर-काळे ढग उमटत होते. तीन आठवड्यांत धारेच्या पट्ट्यावर एकसारखा करडा थर बसला आणि दोन्ही थांबले. हा थर घासून काढायचा नसतो, तोच पुढच्या गंजापासून राखतो. लिंबू, चिंच, कोकम यांना लागलेली सुरी मी तशीच ठेवत नाही, लगेच धुऊन कोरडी करते. जुलैत, आमच्या घराच्या भिंतींना ओल येते त्या दिवसांत, रात्री खोबरेल तेलाचा अगदी पुसट हात फिरवत होते. शेंगदाण्याचे तेल एकदा वापरून पाहिले, ते महिनाभरात चिकट झाले. सुरीबरोबर मिळालेले चामड्याचे म्यान दिसायला सुंदर आहे, पण चामडे ओल धरून ठेवते, त्यामुळे पावसाळ्यात सुरी त्यात ठेवायची नाही हे कागदावर लिहून द्यायला हवे होते. मला ते म्यानात चार दिवस राहिल्यावर पाठीवर उठलेल्या ठिपक्यांनी कळले. भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या हाती ही सुरी मी देत नाही, स्वतःच धुते.

मी ७,८०० रुपये दिले. ऑर्डर देताना अर्धे घेतात, उरलेले सुरी हातात घेऊन पाहिल्यावर. तीन महिने थांबावे लागले आणि त्या काळात स्वतःहून एकही निरोप आला नाही, मीच दोनदा फोन केला. चौकशी केली की उत्तर नीट मिळते, पण आगाऊ पैसे घेतलेल्या माणसाने मधे एकदा तरी कळवावे. धार लावून देण्याचे पहिल्या वर्षी पैसे घेत नाहीत. मी एकदाच नेली आणि ती त्यांनी अर्ध्या तासात, समोर बसवून, कोन कसा धरायचा हे दाखवत लावून दिली.

ही रक्कम पात्याच्या नक्षीसाठी द्यावी असे मला वाटत नाही. ती बारीक दाण्यासाठी, मधल्या एकसंध पोलादासाठी आणि फट निघाल्यावर पाते मोडून दाखवण्याच्या तयारीसाठी दिली, असे मी धरते, आणि त्या हिशेबाने ती मला रास्त वाटते. सून डब्यांच्या कामात हाताशी आल्यापासून दुसऱ्या सुरीची गरज आहे. गेल्या आठवड्यात तिला घेऊन गाळ्यात गेले आणि तिच्या हाताच्या मापाची, १५० मिलिमीटर पात्याची सुरी सांगून आले : मधे १०९५ची पट्टी, दोन बाजूंना साधे मऊ लोखंड, तीनच थर, पाठीच्या कडा पहिल्यापासून गोल, म्यान नको. किंमत ४,५०० रुपये ठरली आहे आणि जानेवारीत भट्टी लागेल त्या दिवशी सुनेलाही बसायला बोलावले आहे.